वीजबिलाच्या धाकाने 'कमी विजेचं घर' शोधताना: ठाणे-नवी मुंबईत फ्लॅट घेण्याआधी काय तपासावं?

घोडबंदरकर

घोडबंदर रोडपासून उलव्यापर्यंत नव्या प्रकल्पांच्या फलकांवर 'ग्रीन होम' हा शब्द आता हमखास दिसतो. बिल्डर तो लिहितो कारण घेणारा विचारतो, आणि घेणारा विचारतो कारण एप्रिल-मेचं बिल. पण ही मागणी वळते कुठे? फाइव्ह स्टार एसी, एलईडी आणि लॉबीत लावलेलं प्रमाणपत्र. एसी आणि दिवे उद्याही बदलता येतील. भिंत, काच आणि दिशा मात्र ताबा घेतल्यावर तशाच राहतात, आणि साइट ऑफिसात त्यांच्याबद्दल कोणी विचारत नाही. म्हणून हा चर्चेचा धागा.

आधी बिल, कारण बचतीची किंमत तिथेच ठरते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी महावितरण आहे. २०२४-२५ मध्ये घरगुती वीज आकार आणि वहन आकार मिळून दर असे होते: पहिल्या १०० युनिटना ५.८८ रुपये, १०१ ते ३०० ला ११.४६, ३०१ ते ५०० ला १५.७२ आणि त्यापुढे १७.८१. चालू दर आपल्या बिलावर बघा. खालचे उदाहरण या दरांनी केलं आहे.

महिन्याला ३५० युनिट जळत असतील तर ५८८ + २,२९२ + ७८६ = ३,६६६ रुपये. स्थिर आकार, इंधन समायोजन आणि १६ टक्के वीज शुल्क वेगळं. सरासरी काढली तर युनिट साडेदहा रुपयांना पडतं आणि लोक बचतीचा हिशेब याच सरासरीने करतात. तिथे चुकतं. ७० युनिट कमी झाले तर ते वरच्या टप्प्यातून कमी होतात: ५० युनिट १५.७२ ने, २० युनिट ११.४६ ने. म्हणजे १,०१५ रुपये, शुल्क धरून सुमारे १,१८०. त्यामुळे ज्यांचा वापर १५० युनिटच्या आसपास आहे त्यांना कार्यक्षम घरासाठी जास्त पैसे मोजण्याचं फारसं कारण नाही. उन्हाळ्यात ५०० ओलांडणाऱ्यांना ते पुरेपूर आहे.

हिशेबनीस

महत्त्वाचा विषय. किती जास्त मोजायचे याला लगाम हवा म्हणून एक गणित जोडतो.

साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांच्या कर्जावर १ कोटीचा हप्ता सुमारे ८६,८०० येतो. म्हणजे महिन्याला १,००० रुपये वाचत असतील तर ते साधारण १ लाख १५ हजारांच्या कर्जाइतके झाले. ७०० चौ. फुटांच्या घराला हे चौ. फुटामागे १६५ रुपये. आणि ही १,००० ची बचत बारा महिने होत नाही. मार्च ते जून आणि ऑक्टोबर असे पाच महिने धरले तर महिन्याची सरासरी ४१७ वर येते, कर्ज ४८ हजारांवर आणि चौ. फुटामागे जेमतेम ७० रुपये.

'ग्रीन'च्या नावाने कोणी चौ. फुटाला ४००-५०० रुपये जास्त मागत असेल तर ते विजेतून परत येणारे नाहीत. घर आवडलं, हवेशीर आहे, उकडत नाही म्हणून द्यायचे तर जरूर द्या. फक्त 'बिलातून वसूल होईल' हे वाक्य ऐकून सही करू नका.

मागणीबद्दल आणखी एक. गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेणारा बिल भरत नाही, भाडेकरू भरतो. बिल्डरही भरत नाही. ज्या इमारतीत निम्मे फ्लॅट गुंतवणूकदारांचे, तिथे भिंत आणि काच सुधारण्यासाठी बिल्डरवर दबाव कमीच असतो. युरोपात घराच्या जाहिरातीत ऊर्जा श्रेणी छापावी लागते, त्यामुळे भाडेकरूलाही ती आधीच कळते. आपल्याकडे बीईईची (केंद्राचा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो) घरांसाठीची तारांकन योजना ऐच्छिक आहे. म्हणून हे आकडे घेणाऱ्यानेच मागायचे.

पागोळी

दिशेबद्दल लिहिते.

ठाणे १९.२ उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, तोच आपला शून्य सावली दिवस. याचा घरासाठी अर्थ असा की कडक उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीवर ऊन जवळपास पडतच नाही. सगळा मारा गच्चीवर, पूर्वेवर आणि पश्चिमेवर. ऑक्टोबरात सूर्य दक्षिणेकडे कलतो, पण दुपारी इतका उंच असतो की ६० सेंटिमीटरचा छज्जा १ मीटरहून जास्त सावली देतो. वास्तूसाठी दक्षिण टाळायची असेल तर तो ज्याचा त्याचा प्रश्न. उन्हाच्या हिशेबाने दक्षिणेच्या फ्लॅटमध्ये काही वावगं नाही.

पश्चिमेला छज्जाचा उपयोग फार थोडा. मेमध्ये दुपारी ४ वाजता सूर्य क्षितिजापासून साधारण ४२ अंशांवर असतो, ५ वाजता २८ वर. तोच ६० सेंटिमीटरचा छज्जा ४ वाजता अर्धा मीटर आणि ५ वाजता फूटभर सावली देतो. बाकी काच उन्हात. पश्चिमेला उपयोगी पडते ती दीड मीटर खोल बाल्कनी, उभ्या पट्ट्या किंवा काचेच्या बाहेरून सोडायचे बांबूचे पडदे. आतला जाड पडदा उजेड अडवतो, पण तोवर उष्णता काचेतून आत आलेली असते.

हॉलची सरकती काच ५ चौ. मीटर धरा. साधी काच उन्हातली सुमारे ८० टक्के उष्णता आत सोडते. उभ्या काचेवर चौ. मीटरला ५०० वॅट ऊन म्हणजे २,००० वॅट आत, अर्ध्या टनापेक्षा जास्त एसी फक्त त्या काचेपायी. उष्णता-गुणांक (एसएचजीसी, म्हणजे उन्हातली किती उष्णता काच आत सोडते तो आकडा) ०.३ असलेली काच घातली तर ७५० वॅट. रोज तीन तास धरले तर फरक पावणेचार युनिट उष्णतेचा, एसीच्या विजेत साधारण एक युनिट. महिन्याला ३० युनिट, वरच्या टप्प्यात ५५० रुपयांच्या आसपास.

काचेला नुसता रंग आहे म्हणून समाधान मानू नका. 'एसएचजीसी किती, यू-व्हॅल्यू किती, उजेड किती टक्के' हे तीन आकडे काच उत्पादकाच्या पत्रकावर असतात. (यू-व्हॅल्यू म्हणजे आतबाहेरच्या तापमानातल्या फरकामुळे आरपार किती उष्णता जाते तो आकडा.) ते पत्रक मागा. फार गडद काच घेतली तर दिवसा दिवे लावावे लागतात, तेही बघा.

घोडबंदरला येऊरच्या डोंगराला लागून असलेल्या इमारतींत खालच्या-मधल्या मजल्यांवर पश्चिमेचं ऊन डोंगराआड लवकर जातं. तिथला पश्चिमेचा फ्लॅट आणि खाडीकाठच्या उघड्या जागेवरचा पश्चिमेचा फ्लॅट एका मापाने मोजू नका. साइटवर दुपारी ४ ते ६ मध्ये जा. सकाळी ११ ला सगळेच फ्लॅट गार वाटतात.

ऐरोली_सेक्टर८

पागोळीताई, आभार. मिवानच्या (अॅल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून बांधलेल्या) इमारतींबद्दल कोणी सांगेल का? भिंती विटांच्या नसून सरसकट काँक्रीटच्या असतात, त्या जास्त तापतात असं ऐकतो. आणि पश्चिमेचा फ्लॅट बराच स्वस्त मिळत असेल तर घ्यावा का?

गिलावा

तापतात. दीडशे मिलिमीटर आरसीसी भिंतीची यू-व्हॅल्यू साधारण ३.५ ते ३.८ येते, २३० मिमी विटेच्या भिंतीची २ च्या आसपास आणि २०० मिमी एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचा ठोकळा) ०.७ ते ०.८. आकडा जितका कमी तितकी भिंतीतून उष्णता कमी. मिवानमध्ये बाहेरच्या भिंती कधी कधी याहूनही पातळ असतात.

हेही आकड्यांत बघा, म्हणजे अतिशयोक्ती होणार नाही. १० चौ. मीटरची पश्चिमेची भिंत, आतबाहेर सरासरी १० अंशांचा फरक: आरसीसीतून ३६० वॅट, एएसीतून ७५. रात्रीचे आठ तास एसी चालला तर फरक सव्वादोन युनिट उष्णतेचा, विजेत अर्धा-पाऊण युनिट. महिन्याला १५ ते २० युनिट. म्हणजे एका मोठ्या साध्या काचेपेक्षा कमीच. पण काँक्रीट दिवसभर तापून रात्री सोडत राहतं आणि बेडरूमचा एसी चालतो तो रात्रीच, त्यामुळे त्रास आकड्यापेक्षा जास्त जाणवतो.

पश्चिमेच्या फ्लॅटबद्दल: हिशेबनीस यांचं गणित उलटं लावा. काच आणि भिंत मिळून उन्हाळ्यात महिन्याला ५० युनिट जास्त जातील असं धरलं, तरी किमतीतला लाखांचा फरक त्यापेक्षा फार मोठा आहे. खोल बाल्कनी किंवा बाहेरून सावली करण्याची सोय असेल तर घ्या. सपाट दर्शनी भाग, जमिनीपासून छतापर्यंत काच आणि बाहेर काही लावायला सोसायटीची मनाई असेल तर स्वस्तातही विचार करा.

मिवानची भिंत आतून सुधारता येते. २५ मिमी एक्सपीएसची (उष्णता अडवणारा दाट फोम) पाटी, वर जिप्सम बोर्ड; खोली दोन इंचांनी कमी होते. मात्र भिंत बाहेरून ओल धरत असेल तर आधी बाहेरचं काम. ओली भिंत आतून झाकली की बोर्डामागे बुरशी धरते आणि वर्षभर दिसतही नाही.

एएसीचेही दोष आहेत. ब्लॉक पाणी पितो. ब्लॉक आणि आरसीसी कॉलम यांच्या सांध्यावर गिलाव्याआधी जाळी मारली नसेल तर तिथे उभी चीर पडते आणि नैऋत्येचा पाऊस सरळ आत येतो. तयार फ्लॅटमध्ये कॉलमच्या रेषेत, खिडकीच्या कोपऱ्यांत तिरक्या-उभ्या चिरा आहेत का हे हात फिरवून बघा. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामाचे दोष विनामोबदला दुरुस्त करणं रेरा कायद्याने बिल्डरवर बंधनकारक आहे, तेव्हा चिरा दिसताक्षणी लेखी कळवा.

घोडबंदरकर

गिलावा यांच्या पोस्टला जोडून: बीईईने २०१८ साली इको निवास संहिता आणली. त्यात भिंत-काच मिळून आत येणाऱ्या उष्णतेची (आरईटीव्ही) मर्यादा चौ. मीटरला १५ वॅट आणि छताची यू-व्हॅल्यू जास्तीत जास्त १.२ अशी आहे. बिल्डरला एवढंच विचारा: 'आरईटीव्ही किती येतो, हिशेबाचा कागद दाखवा.' ज्याने केला असेल तो एका पानात दाखवतो.

त्याच संहितेत उष्ण-दमट हवामानासाठी, म्हणजे आपल्यासाठी, उघडणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्रफळ घराच्या क्षेत्रफळाच्या किमान १६.६६ टक्के सांगितलं आहे. इथे फसगत होते. दोन पाटांची सरकती खिडकी अर्धीच उघडते, म्हणून ५ × ४ फुटांची खिडकी हिशेबात १० चौ. फूटच. बाहेर उघडणारी झडप जवळपास पूर्ण उघडते. वाशी-नेरूळच्या जुन्या सिडको घरांत समोरासमोर खिडक्या, विटांची जाड भिंत आणि छज्जे असतात, म्हणून नुसत्या पंख्यावर बरेच महिने निघतात. नव्या टॉवरमध्ये एकाच बाजूला खिडक्या असलेला फ्लॅट घेतला की एसीला पर्याय राहत नाही.

गच्चीवाले

सर्वात वरचा मजला घेणाऱ्यांसाठी. उघड्या स्लॅबची यू-व्हॅल्यू साडेतीनच्या आसपास असते. ५० मिमी एक्सपीएस घातलं की ०.५५ ते ०.६ वर येते.

थरांचा क्रम महत्त्वाचा: स्लॅब, उतार, वॉटरप्रूफिंग, पाणी भरून चाचणी, मग एक्सपीएस, त्यावर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कापड), मग जाळीचं काँक्रीट आणि वर पांढरी टाइल किंवा चायना मोझाइक. थर्माकोल वापरू नका, पाणी शोषतो आणि दबतो. वॉटरप्रूफिंग इन्सुलेशनच्या वर केलं तर तेच ऊन सोसतं आणि लवकर तडकतं. पाणी भरून चाचणी किमान ४८ तास. ती वगळली तर गळती शोधायला नंतर सगळे थर फोडावे लागतात.

एवढा खर्च नको असेल तर परावर्तक पांढरा रंग. धूळ आणि शेवाळ बसलं की त्याचं काम घटतं, त्यामुळे दर पावसाळ्यानंतर धुवावा लागतो. साचतं पाणी असेल तिथे तो पापुद्रे धरून सुटतो, म्हणून आधी उतार सुधारा.

पत्र्याची शेड स्लॅबला सावली देते, पण चारी बाजू बंद केल्या तर खाली गरम हवा कोंडते. बाजू मोकळ्या ठेवा आणि महापालिकेची परवानगी आधी घ्या.

खारघरवासी

एवढं सगळं करण्यापेक्षा सोलर बसवलेली इमारत घेतली तर फ्लॅटचं बिलच शून्य होणार नाही का? जाहिरातीत तसंच म्हणतात.

मीटररूम

बंगल्यात किंवा रो हाउसमध्ये होईल, टॉवरमध्ये नाही. कारण जागा.

१ किलोवॅटला ये-जा आणि सावली सोडून साधारण १० चौ. मीटर गच्ची लागते आणि दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात, पावसाळ्यात बरेच कमी. तीस मजली, मजल्यावर चार फ्लॅट अशा इमारतीची गच्ची ४०० चौ. मीटर धरली, तर पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, आगीसाठी मोकळी ठेवायची जागा आणि शेजारच्या टॉवरची सावली वजा जाता निम्मीही उरत नाही. १५-२० किलोवॅट म्हणजे दिवसाला ६० ते ८० युनिट. १२० फ्लॅटमध्ये वाटलं तर फ्लॅटला अर्ध्या-पाऊण युनिटच्या आसपास.

म्हणून टॉवरमधलं सोलर सामायिक मीटरवर (लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे) घालायचं, आणि त्याचा फायदा मेंटेनन्समध्ये दिसतो. सामायिक मीटरही निवासी गटातच असतं आणि त्याचे बहुतेक युनिट वरच्या टप्प्यात पडतात, त्यामुळे तिथे वाचलेलं युनिट महाग असतं. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे. एका घराला ३ किलोवॅटला ७८,०००. सोलरची क्षमता ठरवण्याआधी बिलावरचा मंजूर भार बघा.

चुका कुठे होतात? सांगाड्याचे बोल्ट स्लॅबमध्ये ठोकून वॉटरप्रूफिंग फोडतात. काँक्रीटचे ठोकळे वापरा आणि वाऱ्याच्या दाबाचं प्रमाणपत्र स्ट्रक्चरल अभियंत्याकडून घ्या. धुण्यासाठी गच्चीवर नळ ठेवत नाहीत. आणि नेट मीटर (ग्रीडला दिलेली वीज वजा करणारं मीटर) लागण्याआधीच कंत्राटदाराचे सगळे पैसे चुकते करतात.

घेणाऱ्याने सामायिक विजेबद्दल विचारावं ते पाण्याच्या पंपाचं. १०० फ्लॅट, माणशी १३५ लिटर, चार माणसं: रोज ५४ हजार लिटर. १०० मीटर वर चढवायला निव्वळ १५ युनिट लागतात, पंप-मोटर मिळून ५० टक्के कार्यक्षमता धरली तर ३०. महिन्याला ९०० युनिट फक्त पाण्याला. खालून थेट सर्वात वर चढवून मग खालच्या मजल्यांसाठी दाब मारायला झडपा बसवतात, त्यात चढवण्याची मेहनत वाया जाते. मधल्या मजल्यावर टाकी असेल तर खालच्या निम्म्या मजल्यांचं पाणी अर्ध्याच उंचीवर जातं. तळघरातल्या पार्किंगचे पंखे सेन्सरवर आहेत की दिवसभर चालतात, हेही विचारा.

पागोळी

प्रमाणपत्रांबद्दल थोडक्यात. आयजीबीसी आणि ग्रिहा या हरित इमारतींच्या मानांकन पद्धती. त्यांचं मानांकन चांगलंच आहे, पण गुण पाणी, कचरा, साहित्य, जागा अशा सगळ्यांचे मिळून असतात. शिवाय राज्याच्या एकात्मिक नियमावलीत (२०२०) हरित मानांकनाला ३, ५ किंवा ७ टक्के वाढीव एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं ती मर्यादा) मिळतो, त्यामुळे बिल्डरला ते घेण्याचं स्वतःचंही कारण असतं. मानांकन प्राथमिक आहे की अंतिम ते बघा आणि त्यातल्या ऊर्जेच्या भागाचे गुण मागा. करारनाम्याच्या परिशिष्टात बाहेरच्या भिंतीची जाडी व साहित्य आणि काचेचा एसएचजीसी लिहून घ्या. 'उत्तम दर्जाची काच' या शब्दांवर उद्या दाद मागता येत नाही.

एसीच्या बाहेरच्या युनिटची जागाही बघा. शोभेसाठी गच्च पट्ट्या मारलेल्या कोनाड्यात गरम हवा फिरून परत आत येते आणि फाइव्ह स्टार एसीही जास्त वीज खातो. युनिटसमोर किमान दोन फूट मोकळं हवं.

ऐरोली_सेक्टर८

आणि जुनाच फ्लॅट घेतला तर? भिंतीला हात लावता येत नाही असं धरून.

हिशेबनीस

मग पंख्यांपासून सुरू करा. साधा पंखा ७५ वॅट, बीएलडीसी (कमी विजेच्या ब्रशलेस मोटरचा) ३०. चार पंखे रोज १२ तास: महिन्याला ६५ युनिट कमी, गिलावा यांच्या भिंतीपेक्षा तिप्पट. जुन्या रेग्युलेटरमधून मात्र चालवू नका, तो काढून थेट जोडणी करा, नाहीतर पंखा गुणगुणतो किंवा त्यातलं सर्किट जातं.

गीझर: १५ लिटर पाणी २७ वरून ६० अंशांवर न्यायला ०.५८ युनिट, ५० वर ०.४. रोजच्या चार आंघोळींना दर वेळी पूर्ण टाकी तापवत असाल तर महिन्याला २० युनिटचा फरक नुसत्या थर्मोस्टॅटच्या खटक्याने. गॅस गीझर लावायचा तर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत. बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो, यात तडजोड नको. इमारतीत सौर गरम पाणी असेल तर परतीची पाइपलाइन आहे का विचारा. नसेल तर खालच्या मजल्यांना बादलीभर गार पाणी सोडल्यावर गरम येतं आणि शेवटी सगळे गीझरच लावतात.

एसी २४ ऐवजी २६-२७ वर, सोबत पंखा. बीईईच्या अंदाजाने अंशाला ६ टक्के.

मीटररूम

जुन्या फ्लॅटसाठी विकणाऱ्याकडून एकच वीजबिल मागा, पुरे. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचा आलेख छापलेला असतो. मेच्या युनिटमधून जानेवारीचे वजा करा. जे उरलं ते बहुतेक गारव्यावर खर्च झालेलं. घरात किती एसी आहेत, माणसं किती, मधे घर बंद होतं का हे सोबत विचारा. शक्य असेल तर त्याच इमारतीतल्या वरच्या मजल्याचं आणि मधल्या मजल्याचं अशी दोन बिलं शेजारी ठेवा. वरच्याचा फरक खूपच जास्त निघाला तर गच्चीवाले यांची पोस्ट सोसायटीच्या सभेत वाचा आणि भाव ठरवताना तो खर्च धरा.